पडद्यावर ‘ई’ दिसले म्हणजे इंडक्शन शेगडी जळाली असे नव्हे

खानदेशातील व्हॉट्सॲप गटांमध्ये इंडक्शन शेगडीविषयीचा एक संदेश सध्या पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा : पडद्यावर ‘ई’ हे अक्षर आले की आतला बोर्ड जळाला असे समजा, तो जळू नये म्हणून घरातला फ्रिजचा स्टॅबिलायझर शेगडीला लावा, स्वयंपाक होताच भिंतीवरचे बटण बंद करा, तिसऱ्या पिनेला महत्त्व नाही, शेगडी कोणत्याही सॉकेटवर चालते, आग आणि काजळी नसल्यामुळे तिला देखभाल लागत नाही, आणि एकदा बिघडलेली शेगडी दुरुस्त करण्यापेक्षा फेकून नवी घेणे परवडते. हे सल्ले मानल्याने काही घरांत चालू शेगड्या भंगारात जातील, आणि तिसऱ्या पिनेबद्दलचा सल्ला तर जिवावर बेतू शकतो, म्हणून त्यांचा एकेक करून विचार करणे आवश्यक वाटते.

पहिला दावा ‘ई’ या अक्षराचा. या अक्षरापुढे एखादा अंक असतो आणि त्या दोहोंचा मिळून अर्थ प्रत्येक कंपनीने आपापल्या पुस्तिकेत दिलेला असतो. एका कंपनीचा अंक दुसरीला लागू पडत नाही. मात्र बहुतेक संकेतांमागची कारणे ठरावीकच असतात : शेगडीवर भांडे नाही किंवा आहे ते चालणारे नाही, विजेचा दाब फार कमी अथवा फार जास्त आहे, काचेखालचा भाग तापला आहे, आतल्या उष्णता शोषणाऱ्या पट्ट्या तापल्या आहेत, किंवा तापमान मोजणारा सेन्सर तुटला आहे. यातील पहिल्या चार कारणांत शेगडीत काहीही बिघडलेले नसते. उलट, बिघाड होऊ नये म्हणून तिने स्वतःहून काम थांबवलेले असते. बोर्ड खरोखर जळतो तेव्हा बहुधा फ्यूज उडतो आणि पडद्यावर ‘ई’ सोडाच, एक दिवाही लागत नाही.

खानदेशाच्या संदर्भात या संकेताचा सर्वांत मोठा उलगडा उन्हाळ्यात आहे. शेगडीच्या बोर्डावर आयजीबीटी नावाचा एक स्विच असतो. तो सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा विजेचा प्रवाह चालू-बंद करतो, तेव्हा कुठे तांब्याच्या कॉइलभोवती भांडे तापवणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. या कामात तो स्विच स्वतः तापतो. त्याची उष्णता ॲल्युमिनियमच्या पट्ट्या शोषतात आणि खालचा लहान पंखा बाहेर फेकतो. पंखा हवा थंड करत नाही, तो फक्त खोलीतली हवा आत ओढतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असतो. अशा दिवशी पत्र्याच्या छपराखालच्या, खिडकी बंद असलेल्या स्वयंपाकघरातली हवाच इतकी तापलेली असते की वरण शिजून बट्टी तळेपर्यंत शेगडी मध्येच थांबते. अशा वेळी प्लग न काढता भांडे उतरवून ठेवावे, पंखा चालू द्यावा, शेगडी भिंतीपासून वीतभर पुढे ओढावी आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा सुरू करावी. ती पूर्ववत चालली, तर दुरुस्तीला काहीच नव्हते. गार शेगडी सुरू करताक्षणी तोच संकेत दाखवत असेल, तर मात्र सेन्सर किंवा त्याची तार तपासून घ्यावी लागते, आणि हे काम बोर्ड बदलण्याच्या मानाने फार स्वस्त आहे.

भांड्याचा संकेत येत असेल तर भांड्याच्या बुडाला लोहचुंबक लावून पाहावा. तो घट्ट चिकटला तर भांडे चालेल. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला, तांब्या-पितळेला आणि काही प्रकारच्या स्टीललाही तो चिकटत नाही. लोखंडी तवा चालतो, पण त्याचे बूड सपाट हवे. मांड्यांचे मातीचे खापर आणि भरिताचे वांगे या शेगडीच्या कामाचे नाहीत, हे मान्य करून त्यांच्यासाठी चूल किंवा गॅस राखून ठेवावा. मंद आचेवर शेगडी थोडा वेळ चालून थोडा वेळ थांबते आणि घुरघुरते, याचीही अनेकांना धास्ती वाटते. स्वस्त शेगड्यांत कमी आच अशाच रीतीने साधलेली असते, तो दोष नाही.

स्टॅबिलायझरचा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. परंतु २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते, आणि फ्रिजसाठीचा लहान स्टॅबिलायझर एवढ्या भारासाठी बनवलेलाच नसतो. शेगडी वाचण्याऐवजी तो स्वतः तापेल आणि त्याच्या तारा वितळतील. दाब मर्यादेबाहेर गेला की शेगडी आपण होऊन थांबते. गावाकडे संध्याकाळी दाब पडत असेल तर स्वयंपाकाची वेळ मागेपुढे करून पाहावी, आणि तो रोजच पडत असेल तर महावितरणकडे लेखी तक्रार नोंदवावी. विजा कडाडत असताना प्लग काढून ठेवणे हा अचानक येणाऱ्या उच्च दाबावरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

स्वयंपाक होताच भिंतीवरचे बटण बंद करण्याची सवय काटकसरीतून आली आहे, पण ती शेगडीचे आयुष्य कमी करते. शेगडीवरचे बटण बंद केल्यानंतरही पंखा काही वेळ आतली उष्णता बाहेर काढत असतो. भिंतीवरून वीज तोडली तर ती सगळी उष्णता बोर्डावरच कोंडली जाते. पंखा आपण होऊन थांबेपर्यंत वाट पाहावी. तेवढ्या वेळात तो खातो ती वीज नगण्य असते.

तिसऱ्या पिनेविषयीचा दावा या संदेशातील सर्वांत घातक दावा आहे. ही पिन अर्थिंगची, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणाऱ्या तारेची असते. शेगडीच्या आत विजेतील गोंगाट, म्हणजे नको असलेल्या लहरी, गाळण्यासाठी बसवलेल्या भागांतून थोडा प्रवाह नेहमीच अर्थिंगकडे झिरपत असतो. अर्थिंग जोडलेले नसेल तर तोच झिणझिण्यांच्या रूपाने हाताला लागतो, आणि आतली एखादी तार सुटून धातूच्या भागाला टेकली तर त्या झिणझिण्यांचा प्राणघातक धक्का होतो. जुन्या घरांत सॉकेटला तिसरे छिद्र असते, पण त्यामागे तारच जोडलेली नसते. म्हणून वायरमनकडून अर्थिंग प्रत्यक्ष तपासून घ्यावे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि सुकलेल्या मातीत अर्थिंग दुबळे होते, त्यामुळे अर्थिंगच्या खड्ड्यात मार्च ते जून अधूनमधून पाणी ओतावे. शेगडीसाठी १६ अँपिअरचे मोठे सॉकेट आणि त्याला साजेशी जाड तार हवी. ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर ती चालवू नये. पिन गरम लागणे, सॉकेट पिवळे पडणे, जळकट वास येणे यांपैकी काहीही दिसले तर शेगडी बंद ठेवून आधी सॉकेट बदलावे.

देखभाल लागत नाही हे म्हणणे तर पंखा आणि त्याची जाळी न पाहताच केलेले आहे. फोडणीचा तेलकट वाफारा, पिठाची धूळ आणि कापसाच्या हंगामात घराघरांत उडणारे तंतू हे सगळे जाळीत अडकून त्यांचा थर बसतो आणि हवेची वाट बुजते. दर पंधरवड्याला प्लग काढून कोरड्या ब्रशने जाळी साफ करावी. झुरळे उबेच्या ओढीने आत शिरतात आणि बोर्डावर शॉर्टसर्किट घडवतात, म्हणून रात्री ओट्यावर खरकटे ठेवू नये. काच गार झाल्यावर ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावी. तिच्यावर पाणी ओतू नये, तारेच्या घासणीने घासू नये. गुळाचा किंवा साखरेचा पाक सांडला तर तो कडक होण्याआधी, पण हात सांभाळून, काढावा. वाळलेला पाक निघताना काचेचे कण सोबत घेऊन येतो. काचेला तडा गेला असेल, कितीही बारीक असला तरी, ती शेगडी वापरू नये, कारण उतू गेलेले पाणी त्यातून थेट विजेच्या भागांवर उतरते.

राहता राहिला फेकून देण्याचा सल्ला. पंखा, सेन्सर, फ्यूज, आयजीबीटी, रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा भाग) आणि कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) हे भाग वेगवेगळे बदलता येतात. शेगडी पूर्ण मृत असेल तर नुसता फ्यूज बदलून उपयोग होत नाही, कारण तो बहुधा आयजीबीटी किंवा रेक्टिफायर शॉर्ट झाल्यामुळे उडालेला असतो. जाणकार कारागीर बदललेले भाग आधी बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे विजेच्या वाटेत, लावून तपासतो, म्हणजे दोष राहिला असला तरी नवा भाग उडत नाही. शेगडी त्याच्याकडे देताना पडद्यावरचा संकेत आणि तो केव्हा येतो हे कागदावर लिहून द्यावे, जुने काढलेले भाग परत मागावेत, आणि पंखा सुरळीत फिरतो की नाही हे दुकानातच पाहून घ्यावे. पंखा अडकलेला राहिला तर नवा आयजीबीटीही त्याच वाटेने जातो. शेगडी घरी मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहते. काच फुटली असेल आणि बोर्डही गेला असेल, तर दोन्हींचा खर्च नव्या शेगडीच्या जवळ पोहोचतो. तेवढ्या एका बाबतीत नवी घेण्याचा सल्ला मला पटतो.