डिंगलचा ड्रायव्हर पळाला नव्हता
आयर्लंडमधल्या ट्रॅली-डिंगल या छोट्या रेल्वेच्या टँक इंजिनांविषयी एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. ती इंजिने रणगाड्यांच्या पत्र्यापासून बनवली होती, बैलगाडीपेक्षा हळू चालत, 1893 साली डुकरे एका बाजूला सरकल्याने त्यांपैकी एक पुलावरून कोसळले, ड्रायव्हर आधीच उडी मारून पळाला आणि शेवटी सगळी इंजिने भंगारात गेली, असा त्याचा सारांश. माझ्या वडिलांची सारी नोकरी कुर्डुवाडीला बार्शी लाईट या छोट्या रेल्वेच्या इंजिनांवर फिटर म्हणून झाली. पळालेल्या ड्रायव्हरचे वाक्य वाचून ते दिवसभर अस्वस्थ होते, म्हणून हा प्रतिवाद.

रणगाड्यांचे आधी निकालात काढू. या रेल्वेची पहिली तीन इंजिने लीड्सच्या हन्स्लेट कारखान्यात 1889 साली तयार झाली, तर रणगाडा युद्धभूमीवर प्रथम उतरला तो सप्टेंबर 1916 मध्ये. टँक म्हणजे पाण्याची टाकी. पाणी आणि कोळसा मागे जोडलेल्या वेगळ्या डब्यात, म्हणजे टेंडरमध्ये, न ठेवता इंजिनावरच वाहिला की त्याचे वजन चाकांवर पडून पकड वाढते, आणि टेंडर नसल्याने इंजिन न वळवता उलटेही चालवता येते.

आता अपघात. 22 मे 1893 रोजी डिंगलच्या बाजारातून डुकरे घेऊन निघालेली गाडी ग्लेनागॉल्टचा माथा ओलांडून कॅम्प या गावाच्या बाजूला उतरू लागली. तो उतार 29 ला 1, म्हणजे 29 फूट पुढे गेले की एक फूट खाली, आणि असा कित्येक मैल. गाडी ताब्याबाहेर गेली, पायथ्याशी कुराडफच्या पुलावरील तीव्र वळणावर रुळांवरून उतरली आणि इंजिन नदीत कोसळले. ड्रायव्हर, भट्टीत कोळसा घालणारा फायरमन आणि सोबतचा एक निरीक्षक असे तिघेही ठार झाले. ज्याने इंजिनासोबत प्राण दिले, त्याला सव्वाशे वर्षांनी पळपुटा ठरवणे हा नुसता अडाणीपणा नाही, अन्याय आहे. डुकरांचे म्हणाल, तर ती मागच्या डब्यांत होती. खरा दोष कुठे होता हे रेल्वेनेच दाखवून दिले: 1907 साली तिने त्या ठिकाणचा मार्ग बदलून नवा पूल बांधला आणि ते वळण कायमचे टाळले. दोष डुकरांचा असता तर पूल कशाला बदलला असता?

वेगाचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. सुमारे 50 किलोमीटरला अडीच तास लागत. पण बराचसा मार्ग रस्त्याच्या कडेकडेने जात होता, जनावरे आडवी येत, आणि इंजिनांना गुरे बाजूला सारणारी जाळी लावलेली असे. अशा मार्गावर ड्रायव्हरने वेग वाढवायचा तरी कुठे?

राहिला भंगाराचा मुद्दा. 1892 साली हन्स्लेटनेच बांधलेले पाच क्रमांकाचे इंजिन आजही आहे. 1953 मध्ये मार्ग बंद झाल्यावर ते 1959 साली अमेरिकेतल्या व्हरमाँटला गेले, 1986 मध्ये मायदेशी परतले आणि पुढे ट्रॅली ते ब्लेनरव्हिल या पुन्हा टाकलेल्या छोट्या मार्गावर धावलेही. हा मजकूर ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनी किमान त्या उडीचे वाक्य तरी मागे घ्यावे.