कोसंबींचं गणित 'शून्य' नव्हतं

गेल्या रविवारी फोंड्याला ताईकडे गेलो होतो. जेवणं झाली आणि भावोजींनी मोबाईल काढून घरच्या ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड भाचीसमोर मोठ्यानं वाचायला घेतला. विषय गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यात म्हटलं होतं की हा माणूस गणितात अपयशी ठरला म्हणून इतिहासात घुसला, पीएच.डी. नसताना वशिल्यानं प्राध्यापक झाला. अस्तित्वातच नसलेल्या एका रशियन गणितज्ञाच्या नावावर पेपर छापला. 'रीमान सोडवलं', म्हणजे गणितातला एक न सुटलेला प्रश्न सोडवला, अशी थाप मारली म्हणून मूलभूत संशोधनाच्या टाटा इन्स्टिट्यूटनं हाकलला. त्याच्या गणिताचा आज कुणाला काडीचा उपयोग नाही. आणि गोव्याशी त्याचा संबंध नावापुरता. शेवटी ठळक अक्षरांत: गणितज्ञ तिशीत संपतो, मुलांना संशोधनात घालून त्यांचं वाटोळं करू नका.

भाचीनं यंदा बी.एस्सी. पुरी केली. तिला एम.एस्सी. गणित करून पुढं संशोधनात जायचं आहे. फॉर्म भरून तयार आहे, फी तेवढी भरायची राहिली आहे. वाचून झाल्यावर ती काही बोलली नाही, ताटं उचलून आत गेली. मी बावीस वर्षं उच्च माध्यमिकात गणित शिकवतो आणि त्या दुपारी मला धड उत्तर देता आलं नाही. ते आता देतो.

माझा मुख्य आधार एकच आहे. रामकृष्ण रामस्वामी यांनी कोसंबींच्या गणित आणि संख्याशास्त्रातल्या निवडक लेखांचा खंड संपादित केला, तो स्प्रिंगरनं २०१६ साली प्रसिद्ध केला. त्यात मूळ पेपर आहेत. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं त्यातलं एक पान जरी उघडलं असतं तरी 'काडीचा उपयोग नाही' हे वाक्य लिहिताना त्याचा हात थांबला असता. म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. बाकीचं सगळं त्याच एका वाक्यावर उभं आहे.

१९४४ साली कोसंबी पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकवत होते. त्या वर्षी इंग्लंडच्या 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये त्यांचा एक लेख आला. पानं फक्त चार. प्रश्न जीवशास्त्राचा होता. गुणसूत्रावर जनुकं ओळीनं बसलेली असतात, पण दोन जनुकांमधलं अंतर पट्टी लावून मोजता येत नाही. पुढच्या पिढीत ती दोन किती वेळा एकमेकांपासून सुटली, एवढंच मोजता येतं.

वर्गात हे मी वळेसरांवरून, म्हणजे केसांत माळायच्या फुलांच्या माळांवरून सांगतो. एक अबोलीचा, एक जाईचा, दोन्ही सारख्या लांबीचे, शेजारी शेजारी ठेवलेले. दोन्ही एकाच ठिकाणी कापायचे आणि शेपटांची अदलाबदल करून पुन्हा गाठ मारायची. अबोलीच्या दोन फुलांना आधी खूण करून ठेवली असेल, तर ती जितकी दूर तितकी कात्री त्यांच्यामध्ये पडण्याची शक्यता जास्त, आणि तशी ती पडली की एक फूल दुसऱ्या माळेत जाणार. शंभर वेळा हे करून किती वेळा ताटातूट झाली ते मोजलं की अंतराचा अंदाज येतो. खरी अडचण पुढं आहे. कात्री त्या दोन फुलांच्या मध्ये दोनदा पडली, तर मधला तुकडा तेवढा जाईचा होतो आणि आपली दोन्ही फुलं परत एकाच माळेत. काप दोन गेले आणि मोजणीत आला शून्य. म्हणजे नुसती मोजणी अंतर कमी दाखवते. तिची दुरुस्ती करणारं सूत्र लागतं.

असं एक सूत्र ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये दिलं होतं. एका कापाचा दुसऱ्यावर काहीच परिणाम होत नाही, असं त्यात धरलेलं होतं. पेशीत तसं सहसा नसतं. एका जागी काप पडला की लगतच दुसरा पडणं अवघड होतं, आणि जसजसं दूर जावं तसा हा अडथळा विरत जातो. कोसंबींनी हा अडथळा सूत्रात घेतला, आणि तोही इतका साधा ठेवून की बारावीचं पोर वहीत सोडवील. ताटातुटीच्या प्रमाणाची दुप्पट करा. ती एकात मिळवा, मग तीच एकातून वजा करा. पहिल्या उत्तराला दुसऱ्यानं भागा, नैसर्गिक लॉगरिदम घ्या, त्याचा चौथा हिस्सा करा. झालं. शंभरात वीस वेळा ताटातूट झाली असेल तर १.४ भागिले ०.६, त्याचा लॉग ०.८४७, चौथा हिस्सा ०.२१२, म्हणजे २१.२ सेंटिमॉर्गन (जनुकांमधलं अंतर या एककात सांगतात). हाल्डेनच्या सूत्रानं हेच अंतर २५.५ येतं.

आज भात असो, गहू असो, टोमॅटो असो, पिकाचा जनुकीय नकाशा करणारं सॉफ्टवेअर उघडलं की अंतरासाठी दोन नावं समोर येतात: हाल्डेन आणि कोसंबी. रोगाला दाद न देणारं जनुक कुठल्या खुणेच्या किती जवळ आहे, हे शोधताना जगभरचे शास्त्रज्ञ कोसंबी हे नाव निवडून पुढं जातात. ऐंशी वर्षं झाली. याला 'शून्य उपयोग' म्हणणाऱ्याला मी विचारतो: तुमच्या ओळखीत असं कोण आहे, ज्याची चार पानं ऐंशी वर्षांनी रोज वापरली जातात?

आणि ही एकच गोष्ट नाही. आदल्याच वर्षी, १९४३ मध्ये, इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी दाखवलं की वेड्यावाकड्या, बेभरवशाच्या आलेखांचा मोठा ढीग असला तरी त्यातून काही थोडे मूळ आकार काढता येतात, आणि त्यांची बेरीज करून मूळ आलेख जवळपास उभे करता येतात. कार्हुनेन आणि लोएव्ह हे दोघे त्याच कल्पनेपर्यंत स्वतंत्रपणे आणि नंतर पोचले. नाव मात्र त्या दोघांचं पडलं. चेहरा ओळखणं, प्रतिमा आटोपशीर साठवणं, खळाळत्या प्रवाहाचा अभ्यास, या सगळ्यांत ती पद्धत आहे. त्याही आधी, १९३३ साली, एका जर्मन नियतकालिकात त्यांचा भूमितीवरचा पेपर आला आणि त्याच खंडात, लगेच त्याच्या पाठीला, एली कार्तां यांनी त्यावर टिपण लिहिलं. कार्तां म्हणजे त्या काळच्या भूमितीतला सगळ्यात मोठा माणूस. पुढं गणितज्ञ चर्न यांनी त्यात भर घातली आणि तो विषय आज कोसंबी-कार्तां-चर्न याच नावानं ओळखला जातो.

आता रीमान. इथं मला एक गोष्ट कबूल करावी लागते, आणि ती करताना जड जातं. कोसंबी चुकले. मूळ संख्या कशा विखुरल्या आहेत याबद्दल रीमाननं १८५९ मध्ये एक अंदाज मांडला, तो आजही सिद्ध झालेला नाही. कोसंबींनी १९५९ मध्ये संभाव्यतेच्या वाटेनं तो सिद्ध केल्याचा दावा केला. तोही शेतीच्या संख्याशास्त्राला वाहिलेल्या नियतकालिकात, जिथं मूळ संख्यांच्या गणितातले जाणकार परीक्षक असण्याचा संभव नव्हता. यादृच्छिक संख्यांबद्दल 'बहुतेक नेहमीच' खरं ठरणारं विधान वेगळं, आणि मूळ संख्यांच्या त्या एकमेव ठरलेल्या क्रमाबद्दलची सिद्धता वेगळी. मधली दरी त्यांना बुजवता आली नाही. एवढ्या मोठ्या माणसानं तो लेख आधी विरोधकांच्या हाती द्यायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

पण चूक आणि थाप यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. थापाड्या आपली प्रत्येक पायरी छापून लोकांच्या हाती देत नाही. या प्रश्नानं फसवलेले कोसंबी पहिलेही नव्हते आणि शेवटचेही नाहीत. स्टील्टयेस यांनी १८८५ मध्ये सिद्धता सापडल्याचं जाहीर केलं, ती कधी बाहेर आलीच नाही. लुई द ब्रांज यांनी १९८४ मध्ये बीबरबाखचा जुना अवघड प्रश्न खरोखर सोडवला, आणि २००४ मध्ये त्यांनीच रीमानही सुटल्याचं जाहीर केलं. ते मात्र कुणी मान्य केलं नाही. म्हणून त्यांचं १९८४ चं काम कुणी पुसलं का?

'हाकलला' या शब्दाबद्दल. टाटा इन्स्टिट्यूट उभी राहत असतानाच होमी भाभांनी कोसंबींना बोलावून घेतलं. ते राहायचे पुण्यात आणि डेक्कन क्वीननं मुंबईला जायचे. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढं वाढवला गेला नाही, हे खरं. त्यामागं रीमानचा लेख होता, हेही खरं. पण तेवढंच नव्हतं. भाभांशी त्यांचं बिनसलं होतं. देश अणुऊर्जेच्या मागं लागलेला असताना हा माणूस सौरऊर्जेचा आग्रह धरत होता आणि जागतिक शांतता चळवळीत उघडपणे वावरत होता. ज्याला फॉरवर्डमध्ये ठग म्हटलं आहे, त्याला १९६४ मध्ये सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेनं सन्माननीय निवृत्त शास्त्रज्ञ म्हणून नेमलं. २९ जून १९६६ ला पुण्यात त्यांचं निधन झालं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी.

काल्पनिक रशियन गणितज्ञाची गोष्ट अर्धी खरी आहे. १९३१ मध्ये 'बुर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचा विस्तार' अशा अर्थाच्या नावाचा त्यांचा लेख आला, आणि तो बुर्बाकी मुळात नव्हताच. ती फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेय यांच्या सांगण्यावरून केलेली थट्टा होती. वेय तेव्हा अलीगढला होते, त्यांनीच कोसंबींना तिथं बोलावलं होतं. काही वर्षांनी वेय आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी तेच नाव घेऊन आधुनिक गणिताची अख्खी ग्रंथमाला लिहिली. गणिताच्या लेखात बुर्बाकी हे नाव पहिल्यांदा आलं ते आपल्या गोव्याच्या माणसाच्या. यात फसवणूक शोधायची असेल तर खुशाल शोधा.

पीएच.डी. नव्हती, बरोबर. हार्वर्डची पदवी होती, १९२९ ची, सर्वोच्च श्रेणीची. केंब्रिजचे नामवंत गणितज्ञ हार्डी यांनाही पीएच.डी. नव्हती, भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनाही नव्हती. वेयनं ज्याला निवडलं आणि कार्तांनं ज्याचा पेपर वाचून टिपण लिहिलं, त्याला वशिला कुणाचा लागणार?

गणितात हरले म्हणून इतिहासाकडे गेले, हे तर तारखांतच टिकत नाही. जुनी चांदीची नाणी तोलायला त्यांनी १९४० च्या सुमारास सुरुवात केली, आणि वर सांगितलेले दोन सगळ्यात गाजलेले पेपर १९४३ आणि १९४४ चे. शिवाय ते नाण्यांचं कामच संख्याशास्त्र होतं. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, जितकं जास्त फिरेल तितकं वजन घटतं आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढतो. त्यावरून कुठली नाणी आधीची हे ठरवता येतं. त्यासाठी हजारो नाणी त्यांनी एकेक करून काट्यावर ठेवली. हे गणितापासून पळून जाणं असेल, तर गणित कशाला म्हणायचं?

गोव्याचा मुद्दा लवकर आटोपतो. ते लहानपणीच इथून गेले, हे मान्य. पण जन्म ३१ जुलै १९०७, कोसबें, गोवा. वडील धर्मानंद साखवाळचे. जुन्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, गावकरीवर, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या व्यवस्थेवर, दामोदर कोसंबींनी अभ्यास केला, तो १९६२ च्या त्यांच्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण म्हणून आहे. पणजीत त्यांच्या नावानं विचार महोत्सव २००८ मध्ये सुरू झाला, त्याच वर्षी टपाल खात्यानं तिकीटही काढलं.

उरला तिशीचा मुद्दा, आणि माझी चीड मुख्यतः त्यावर आहे, कारण तो मेलेल्या माणसाबद्दल नाही, आमच्या पोरीबद्दल आहे. जनुकांच्या नकाशाचं सूत्र कोसंबींनी दिलं तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडली होती. गणितज्ञ यितांग झांग यांनी २०१३ मध्ये मूळ संख्यांमधल्या अंतरांबद्दल जगाला चकित करणारा निकाल दिला, तेव्हा त्यांची पन्नाशी कधीच मागं पडली होती. भावोजींचं एक म्हणणं मी खोडत नाही: पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात, फेलोशिप वेळेवर येईलच असं नाही, पुढं नोकरीची हमी नाही. ही काळजी बापानं करायचीच असते आणि तिच्यावर बसून बोलता येतं. पण ती काळजी सरळ तिच्या तोंडावर सांगा. एका खोट्या फॉरवर्डच्या आडून सांगू नका.

त्या चार पानांची प्रत मी काढून ठेवली आहे. येत्या रविवारी फोंड्याला जाताना ती नेणार आहे, आणि बाजारातून एक अबोलीचा आणि एक जाईचा वळेसर. सूत्र भावोजींना भाचीच समजावेल.