मिशेल लग्राँ: चाल सगळ्यांना आठवते, हिशोब कुणाला नाही

मिशेल लग्राँ (१९३२–२०१९) म्हटलं की 'गोड चालींचा फ्रेंच संगीतकार' म्हणून लोक मोकळे होतात. मला हे मुळीच पटत नाही. चाल होतीच, पण त्यांचं खरं मोठेपण वेळेच्या हिशोबात आहे.

१९६४चा 'द अम्ब्रेलाज ऑफ शेरबूर', म्हणजे शेरबूरच्या छत्र्यांचा सिनेमा घ्या, दिग्दर्शक जाक दमी. गॅरेजमधली बोलणी, दुकानाचा थकलेला कर, सगळं गायलेलं. साधा बोललेला एकही संवाद नाही. आपल्याकडे प्लेबॅक गाण्यापुरता असतो, इथे तो तब्बल दीड तास. सगळं गायन चित्रीकरणाआधीच मुद्रित झालं. नायिका कॅथरीन दनव्हला गायिका दानिएल लिकारीचा आवाज, सिनेमातल्या तिच्या आईला लग्राँची बहीण क्रिस्तियानचा. म्हणजे दारापासून खिडकीपर्यंत जायला किती वेळ, उत्तराआधी किती गप्प राहायचं, हे सेटवर जाण्याआधीच पक्कं. नटीला एक श्वास जास्त घ्यावासा वाटला तरी टेप थांबत नाही.

'द थॉमस क्राउन अफेअर'ला (१९६८) त्यांनी हाच उलटा क्रम लावला. कच्ची जोडणी पाहिली आणि आधी संगीत लिहिलं, मग त्यावर सिनेमा कापला गेला. एरवी काय होतं? संगीत तयार झाल्यावर संकलक ३० फ्रेम उडवतो. सेकंदाला २४ फ्रेम, संगीताचे समजा मिनिटाला १२० ठोके, म्हणजे एका ठोक्याला १२ फ्रेम. ३० फ्रेम म्हणजे अडीच ठोके. सम चुकते, प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण दृश्य लंगडतं.

त्यातलं 'द विंडमिल्स ऑफ युवर माइंड' नीट ऐका. एक छोटा गोल तुकडा, मग तोच वेगळ्या स्वरावरून, आपल्या पलट्यासारखा. खालचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) पंचमाच्या अंतराने सरकत फिरून मूळ जागी येतात. शब्दांतलं गरगरणं स्वरातच आहे. ही शिस्त संगीतगुरू नादिया बूलांजेंच्या तालमीतली, आणि २६व्या वर्षी माइल्स डेव्हिस, कोल्ट्रेन या जॅझच्या दिग्गजांसोबत रेकॉर्ड करणाऱ्या माणसाचा जॅझचा कान वेगळाच. तीन ऑस्कर मिळाले, ते ठीक.

शेरबूरचा शेवट पुन्हा पाहा. बर्फ पडतंय, पेट्रोलपंपावर ताटातूट झालेले दोघं प्रेमिक वर्षांनी भेटलेत, पोऱ्या विचारतो, सुपर की साधं? तोही सुरात. आणि विरहाची मूळ चाल पुन्हा वर चढत जाते.