एमबीबीएससाठी रुग्णालयातल्या सेवेचे गुण मिळत नाहीत

लातूर-नांदेडच्या पालकांच्या ग्रुपवर फिरतंय की, रुग्णालयात शंभर तास सेवा केल्याचं प्रमाणपत्र जोडलं तर एमबीबीएस प्रवेशात जादा गुण मिळतात. हे खरं नाही.

प्रवेश ‘नीट’च्या ७२० गुणांवरच्या क्रमवारीने होतो. शासकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याचा सीईटी कक्ष भरतो, १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून जातात. दोघांचे गुण सारखे आले तर आधी जीवशास्त्राचे गुण बघतात, सेवेचे तास नव्हे. माझ्या मुलीच्या वेळी कागदपत्र तपासणीला मी स्वतः फाईल घेऊन उभा होतो. नीटचं गुणपत्रक, दहावी-बारावी, अधिवास, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर एवढंच बघितलं.

गोंधळ बहुधा अमेरिकेवरून झाला असावा. तिथं पदवीनंतर अर्ज करताना असा अनुभव खरंच विचारात घेतात.

परवा शेजारच्या ताई अशा प्रमाणपत्रासाठी भरलेल्या पैशांची पावती दाखवायला आल्या. सोयाबीन विकून आलेले पैसे होते ते. जीव तुटला.

पोराला दवाखान्यातलं काम बघायचं असेल तर सुट्टीत जरूर पाठवा, रुग्णाची पट्टी बदलताना बघून पुष्कळ कळतं. पण गुणांसाठी पैसे भरू नका. तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.