बर्फाची भीती, अंड्यावर भरवसा

घरी कॉकटेल करून बघायचा नाद लागला की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी तो मेसेज पाठवतं. शब्द थोडे इकडचे तिकडे, मुद्दे तेच. बर्फ कमी घाला, नाहीतर पेय पाणचट होतं. दोन प्रकारची दारू एकत्र करू नका, सकाळी डोकं धरतं. जिन शेकरमध्ये, म्हणजे पेय हलवून मिसळायच्या झाकणाच्या भांड्यात, घालू नका, तिला मुका मार लागतो. गोड लागतंय म्हणजे सौम्य आहे. दारूत जंतू टिकत नाहीत, तेव्हा कच्चं अंडं, फळं, पाक काहीही बिनधास्त वापरा. आणि घरी केलेलं, नैसर्गिक पेय विकतच्यापेक्षा केव्हाही निर्धोक.

मेसेज नुसता चुकीचा असता तर मी हसून सोडून दिला असता. पण जिथे घाबरण्यासारखं काही नाही तिथे तो घाबरवतो, आणि जिथे खरोखर जपायला हवं तिथे पाठ थोपटतो. म्हणून हा खटाटोप.

बर्फ कमी घाला

हा सल्ला ऐकून मी सुरुवातीची कितीतरी पेयं नासवली. ग्लासात मोजून तीन खडे, त्यावर जिन, लिंबाचा रस आणि पाक. पाच-सात मिनिटांत खडे गायब आणि ग्लासात ना धड गार, ना धड कडक असं काहीतरी. मी समजत होते, बर्फ जास्त झाला. तो कमी पडला होता.

हिशेब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. १ ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. तोच १ ग्रॅम उणे १८ अंशांपासून शून्यापर्यंत येताना जेमतेम ९ कॅलरी घेतो. म्हणजे गारवा येतो तो मुख्यतः वितळण्यातून. आता १०० मिलिलिटर पेय २५ अंशांवरून शून्यावर आणायचं तर साधारण २५०० कॅलरी काढून घ्याव्या लागतात. माझे तीन खडे मिळून फार तर ३० ग्रॅम. त्यातले २८ ग्रॅम एवढ्या कामातच खपले आणि खोलीची ऊब थोपवायला मागे कुणी उरलं नाही. त्याऐवजी फ्रीझरमधून थेट काढलेला २०० ग्रॅम बर्फ घाला. त्याच्या अंगच्या थंडीनेच १८०० कॅलरी भागतात आणि उरलेल्या कामाला ९-१० ग्रॅम वितळला तरी पुरतो. प्रत्यक्षात ग्लासही उष्णता देतो, हवाही देते, तेव्हा आकडे थोडे हलतील. पण दिशा हीच राहते.

अट एकच: बर्फ कोरडा हवा. तासभर भांड्यात बसून घाम फुटलेला बर्फ शून्यावर आलेला असतो, आणि त्याच्या अंगावरचं पाणी सरळ पेयात जातं. लोक ज्याला ‘बर्फाने पाणचट झालं’ म्हणतात, त्यात दोष बहुधा या ओल्या बर्फाचा असतो.

आणि मुळात पाणी हा कॉकटेलचा शत्रू आहे हे ठरवलं कुणी? कॉकटेल म्हणजे काय, हे छापून सांगणारा सर्वांत जुना प्रसिद्ध मजकूर न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका साप्ताहिकात १३ मे १८०६ रोजी आला. त्यात घटक चार: कोणतीही कडक दारू, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे वनस्पतींचा कडू अर्क. पाणी तिथे नाव घेऊन हजर आहे. बर्फावर नीट ढवळलेल्या पेयात साधारण पाव हिस्सा वितळलेलं पाणी असतं आणि ते असावंच लागतं. खात्री करायची असेल तर सगळी दारू बाटलीत आधीच मिसळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि न ढवळता ओता. पेय बर्फासारखं गार, पण पहिल्याच घोटाला घसा पोळतो. पाण्याचं माप घालून तीच बाटली पुन्हा ठेवली की मग बिटर्सचा वास वर येतो.

दोन दारू एकत्र केल्या की डोकं धरतं

तसं असतं तर कॉकटेल हा प्रकारच टिकला नसता. जर्मनीतल्या विटेन-हेर्डेके विद्यापीठाच्या संशोधकांनी ९० जणांवर केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना आधी बिअर मग वाइन, काहींना उलट क्रमाने, काहींना दोन्हींपैकी एकच. पुढे गटांची अदलाबदल. दुसऱ्या दिवशीच्या त्रासात गटागटांत फरक सापडला नाही. आपल्याला किती चढली आहे हे ज्याचं त्याला जाणवलं होतं आणि कुणाला उलटी झाली होती, या दोन गोष्टींवरून मात्र सकाळचा अंदाज बांधता येत होता.

मुद्द्यात अगदीच तथ्य नाही असंही नाही. बर्बन या अमेरिकी व्हिस्कीसारख्या गडद दारूत मूळ अल्कोहोलसोबत इतर संयुगं व्होडकाच्या कितीतरी पट असतात, आणि तेवढ्याच प्रमाणात घेऊनही बर्बनचा हँगओव्हर जास्त छळतो असं प्रयोगांत दिसलं आहे. पण हा त्या एका दारूचा गुण झाला, मिसळण्याचा नव्हे. मिसळण्यात खरी गोम वेगळी आहे. पेग मोजायची सवय असलेला माणूस ग्लासात तीन बाटल्यांतून ओतलं की मोजणं सोडून देतो.

जिनला मुका मार लागतो

नाही लागत. शेकरमध्ये होतं ते एवढंच: हवेचे बारीक बुडबुडे मिसळतात, बर्फाचे कण सुटतात, पेय गढूळ दिसतं, लवकर गार होतं आणि जरा जास्त पाणी घेतं. जिनमधल्या कशाचीही मोडतोड होत नाही. लिंबाचा रस, साय, अंडं असं काही असेल तर शेकर, नुसत्या दारू एकमेकींत मिसळायच्या असतील तर चमच्याने ढवळणं. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची बरणी घ्या. बरणीला आजवर कुणी नावं ठेवलेली मी ऐकलेली नाहीत.

(त्याच मेसेजात लिंबू ऐन वेळी पिळा असंही असतं. ते बरोबर आहे, माझी तक्रार नाही.)

गोड म्हणजे सौम्य

इथे मला राग येतो, कारण या वाक्याने पाहुण्यांचे हाल होतात. नेग्रोनी नावाचं कॉकटेल घ्या. ३० मिलिलिटर जिन ४० टक्क्यांची, ३० मिलिलिटर कांपारी (कडू लाल दारू) २५ टक्क्यांची, ३० मिलिलिटर व्हर्मूथ (अर्क घातलेली वाइन) १६ टक्क्यांचं. शुद्ध अल्कोहोल झालं १२ अधिक साडेसात अधिक ४.८, म्हणजे २४ मिलिलिटरच्या थोडं वर. ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये ते साडेसोळा असतं. म्हणजे हातातला तो छोटासा लाल ग्लास दीड बिअरच्या बरोबरीचा. आता ६० मिलिलिटर व्होडकात लिंबू, पाक आणि भरपूर सोडा घालून सरबतासारखं पेय करा. अल्कोहोल २४ मिलिलिटरच. लिंबू आणि साखर फक्त जिभेला गप्प करतात, थंडी उरलेलं काम करते. तहान लागली म्हणून माणूस दहा मिनिटांत ग्लास रिकामा करतो, जे त्याने नीट पेगचं कधी केलं नसतं.

कॉफी घातलेली कॉकटेलं तर आणखी फसवी. कॅफीनने झोप उडते, रक्तातलं अल्कोहोल तसूभर कमी होत नाही. नशा जाणवत नाही, असते मात्र. याच काळजीपोटी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये कॅफीनयुक्त मद्यपेयं विकणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिला होता.

म्हणून घरच्या बारसाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर मी जिगर सांगते, ते दोन तोंडांचं छोटं माप. एक खेळ करून बघा: साध्या पाण्याने भरलेल्या बाटलीतून नजरेच्या अंदाजाने पाच वेळा ३० मिलिलिटर ओता आणि प्रत्येक खेप मोजा. मी केलं तेव्हा एकही खेप ३५ च्या खाली नव्हती, आणि एक चक्क ५० ची निघाली. त्या हाताने मी दोन वर्षं लोकांना ‘लाइट’ पेयं दिली होती.

दारूत जंतू टिकत नाहीत

निर्जंतुक करायला वापरतात ते अल्कोहोल ६० ते ९० टक्क्यांचं असतं. पाणी, रस, पाक मिसळल्यावर कॉकटेल उरतं १५ ते २५ टक्क्यांचं. एवढ्या पातळ अल्कोहोलला शेकरमधल्या अर्ध्या मिनिटात कच्च्या अंड्यातला साल्मोनेला हा जंतू मरेल ही आशाच आहे. फेस हवा असेल तर अंड्याचं पाश्चराइज्ड, म्हणजे उष्णतेने जंतू मारलेलं, पांढरं मिळतं ते घ्या, किंवा शिजवलेल्या छोल्यांचं घट्ट पाणी. छोल्यांचं पाणी ऐकून नाक मुरडू नका, लिंबू घातल्यावर वास राहत नाही आणि फेस अंड्याइतकाच उभा राहतो. गरोदर बाया, लहान मुलं, म्हातारी माणसं यांच्यासाठी बिनदारूचं पेय करताना कच्च्या अंड्याचा विषयच काढू नये.

व्हर्मूथचीही हीच गत. मी अनेक घरांत ते व्हिस्कीशेजारी कपाटात उभं पाहिलंय, धूळ खात. व्हर्मूथ ही मुळात वाइन आहे, थोडी दारू आणि वनस्पतींचे अर्क घातलेली. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवायची आणि महिना-दोन महिन्यांत संपवायची. जिन-व्हर्मूथच्या मार्टिनीबद्दल ‘मला आवडत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी वर्षभर उघडी राहिलेली बाटली चाखली असावी, असा माझा संशय आहे.

पाकाचं गणित साखरेवर चालतं. समप्रमाणातला पाक फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे, पाण्याच्या दुप्पट साखरेचा त्याहून बराच जास्त. वर धाग्यासारखं काही तरंगताना दिसलं की ओतून द्यायचा, गाळून वापरायचा नाही. दारूत फळं मुरवताना दारू निदान ४० टक्क्यांची हवी आणि फळं पूर्ण बुडलेली. वर आलेल्या तुकड्यावर बुरशी धरते, खाली कितीही व्होडका असो.

घरचं, नैसर्गिक, म्हणून निर्धोक

कण्हेरही नैसर्गिकच आहे. तिचं फूल दिसायला देखणं म्हणून ग्लासावर ठेवलं तर पेयात विष उतरू शकतं. सजावटीला फूल घ्यायचं तर ते खाण्याजोगं असल्याची खात्री हवी, सुंदर असून भागत नाही. तंबाखूची पानं दारूत मुरवायची कल्पनाही अधूनमधून डोकं वर काढते. निकोटीन दारूत फार सहज उतरतं. नको.

घरचं टॉनिक, म्हणजे जिनमध्ये घालायचं कडवट सोड्याचं पाणी, हा हौशी लोकांचा आवडता प्रकल्प. सिंकोना झाडाची साल आणायची, उकळायची, गाळायची. अडचण अशी की सालीत क्विनीन, म्हणजे टॉनिकला कडवटपणा देणारं द्रव्य, किती आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि काढ्यात किती उतरलं हे त्याहून नाही. बाटलीबंद टॉनिकसाठी अमेरिकेत क्विनीनची मर्यादा दहा लाख भागांत ८३ भाग, म्हणजे लिटरमागे साधारण ८३ मिलिग्रॅम आहे. स्वयंपाकघरात ते मोजणार कशाने? प्रमाण वाढलं की कानात गुणगुण, मळमळ, डोकेदुखी, नजर धूसर. भुकटी नीट न गाळता वापरणाऱ्यांना हा अनुभव येतो. टॉनिक विकत आणण्यात कमीपणा नाही.

तांब्याचा मग दिसायला छान, पण आतून स्टील किंवा निकेलचा मुलामा असलेलाच घ्या. पीएच ६ च्या खालच्या पदार्थाला उघडं तांबं लागू नये असा अमेरिकेच्या अन्नसंहितेचा नियम आहे, आणि लिंबाचा रस २ च्या आसपास असतो. लिंबाचंच आणखी एक: डझनभर हिरवी लिंबं पिळलीत तर हात धुवून मगच उन्हात जा. सालीतल्या रसायनांवर ऊन पडलं की कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

राहिलं ते आंबवलेलं आल्याचं पेय, म्हणजे जिंजर बिअर. ‘बिनदारूचं, घरचं, मुलांनाही चालतं’ म्हणून सर्वांत जास्त शेअर होतं ते हेच. यीस्ट साखर खातं आणि जवळजवळ सारख्या वजनाचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. शॅम्पेनच्या त्या जाडजूड बाटलीत सुमारे ६ वातावरणांचा दाब असतो, आणि तो तयार करायला लिटरमागे २४ ग्रॅम साखर पुरते. माझ्या पहिल्या खेपेत लिटरमागे १०० ग्रॅम होती. सगळी आंबली असती तर पेय बिअरपेक्षा कडक झालं असतं, मग मुलांचं सोडाच.

तेवढी वेळच आली नाही. तारेच्या बुचाच्या तीन शोभेच्या बाटल्या कपाटात ठेवल्या होत्या. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला आवाज झाला. सकाळी पाहिलं तर एक फुटली होती आणि तिच्या धक्क्याने शेजारची. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढा काचेचा तुकडा रुतून बसला होता. दार बंद होतं म्हणून बरं. तिसऱ्या बाटलीवर जाड टॉवेल टाकून, तोंड फिरवून ती बाहेर नेताना माझे हात थरथरत होते.

आता मी दाबाला केलेल्या बाटल्याच वापरते, साखर तोलून घालते आणि प्रत्येक खेपेला एक सोड्याची प्लास्टिकची बाटली सोबत भरते. रोज सकाळी ती अंगठ्याने दाबून बघायची. अंगठा आत जाईनासा झाला की त्याच दिवशी सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये.