पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम : एका नाराज वाचकाला उत्तर

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आणि रागाची आहे, पण ती अल्बम ऐकून लिहिलेली आहे. म्हणून चार ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

लंडनच्या पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ या १९६७ च्या पहिल्या अल्बमवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुमचं म्हणणं असं : हे नशेतलं संगीत आहे, त्याचं कौतुक करून गावातल्या पोरांना काय शिकवायचं? ‘सी एमिली प्ले’ हे पहिलं गाणं बरं आहे, पुढे चाल नसलेला नुसता कल्लोळ, आणि याच बँडचं १९७३ चं काम ऐकलं की हे कच्चं वाटतं. शेवटी, पूर्व विदर्भात ब्रह्मपुरीकडे राहणाऱ्या माणसानं दंडार, खडी गंमत ही आपली लोकनाट्यं सोडून लंडनच्या पोरांवर का लिहावं?

आधी कल्लोळाचं बोलू, कारण आपला खरा मतभेद तिथंच आहे.

‘सी एमिली प्ले’ने सुरू होते ती अमेरिकेतली आवृत्ती. ते गाणं जून १९६७ मध्ये सुटं निघालं होतं, ५ ऑगस्टला इंग्लंडमध्ये आलेल्या मूळ अल्बमात ते नाहीच. अमेरिकेतल्या कंपनीनं ते सुरुवातीला बसवलं आणि तीन गाणी काढून टाकली. त्यात मूळचं पहिलं ‘ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी’ गेलं आणि शेवटचं ‘बाइक’ही गेलं. म्हणजे तुम्ही ऐकलेल्या घराला पुढचं दार नाही आणि मागचंही नाही. मूळ अल्बम सुरू होतो तो मॅनेजर पीटर जेनर भोंग्यातून ग्रहताऱ्यांची नावं वाचतात तिथून, आणि संपतो तो घड्याळं, घंटा आणि विचित्र हसण्यासारख्या आवाजांच्या खोलीत. ज्या क्रमानं तो रचला गेला त्या क्रमानं ऐकल्याशिवाय त्याला घसरण म्हणणं मला मान्य नाही.

तुम्हाला सगळ्यात जास्त खटकलेला तुकडा ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ असणार. नऊ मिनिटं एकेचाळीस सेकंद, शब्द एकही नाही. पण त्यात चाल नाही असं कसं म्हणता? सुरुवातीलाच गिटारवर पायरी पायरीनं खाली उतरणारी ओळ आहे, एकदा ऐकली की गुणगुणता येते. जेनर यांनी दुसऱ्याच एका गाण्याची चाल तोंडानं गुणगुणून दाखवली, ती बँडचा गायक आणि गिटारवाला सिड बॅरेट यानं गिटारवर आपल्या परीनं वाजवली, त्यातून ही ओळ आली. मग ती विरते. गिटार, ऑर्गन, बेस आणि ड्रम चौघेही एकमेकांपासून लांब जातात, मधूनच एकमेकांना हाक दिल्यासारखे जवळ येतात, आणि शेवटी तीच ओळ पुन्हा उभी राहते. स्टीरिओत ती डाव्या कानातून उजव्या कानात झोके घेते. निघायची जागा ठरलेली आहे, परतायची जागाही ठरलेली आहे. मधला रस्ता त्यांनी मोकळा ठेवला, आणि मला तो धाडसाचा वाटतो.

आणि अकरातले असे शब्दांवाचूनचे तुकडे दोनच. बाकीची नऊ गाणी सव्वाचार मिनिटांच्या आत संपतात. त्याचं बरंचसं श्रेय निर्माते नॉर्मन स्मिथ यांचं. १९६५ पर्यंत बीटल्सची गाणी ध्वनिमुद्रित करणारे इंजिनिअर हेच. त्यांना आखीव गाणं हवं होतं, बँडला लंडनच्या यूएफओ क्लबमध्ये रात्री उशिरापर्यंत मोकळं वाजवायची सवय होती. फेब्रुवारी ते मे १९६७ या महिन्यांत ॲबी रोडच्या स्टुडिओत ही ओढाताण चालली, आणि त्याच इमारतीत तेव्हा बीटल्सही आपला अल्बम करत होते. कुणीही पूर्ण जिंकलं नाही, म्हणून हा अल्बम असा झाला आहे. १९७३ मध्ये बँडकडे पैसा होता, वेळ होता, आणि बॅरेट नव्हता. ते वेगळ्या काळातलं वेगळं काम आहे. त्या मापानं याला कच्चं ठरवणं अन्यायाचं आहे.

आता एक छोटं गाणं घ्या, ‘द स्केअरक्रो’. दोन मिनिटं अकरा सेकंद. बार्लीच्या शेतात उभं बुजगावणं, त्याच्या टोपीवर पाखरू. खाली टापांसारखा लाकडी खट्‌खट्‌ ठेका, वर ऑर्गनची गिरकी. बॅरेट म्हणतो की हे बुजगावणं माझ्याहून दुःखी होतं, पण आता त्यानं आपलं नशीब मान्य केलंय. एवढंच. लिहिणारा जेमतेम एकवीस वर्षांचा. धानाच्या बांधीवर उभं असलेलं बुजगावणं आपण जन्मभर पाहतो, तरी त्याच्या मनात काय असेल असं मला तरी हे गाणं ऐकण्याआधी कधी वाटलं नव्हतं.

याच गाण्यात बॅरेटची रीत नीट कळते. त्याच्या ओळी मोजून कापलेल्या नसतात. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाईला दोन शब्द जास्त सांगायचे असले की ती सूर तेवढा लांबवते, तसं त्याचं शब्द संपेपर्यंत चालतं आणि ठेका त्याच्यामागे वळतो. ऐकणाऱ्याला हे वाजवणाऱ्यांचं चुकणं वाटू शकतं. पण निक मेसनचे ड्रम प्रत्येक वळणावर बरोबर त्याच्यासोबत आहेत, म्हणजे हे बसवलेलं आहे.

आता नशेचं. हा प्रश्न मी हलका मानत नाही, पोरं आपल्याकडेही वाया जाताना दिसतात. बॅरेट एलएसडी हे भास घडवणारं अमली द्रव्य घेत होता, हे त्याच्या सोबत्यांनीही लपवलं नाही. पण अल्बमात जे आहे ते बघा : मांजर, सायकल, बुटका, बुजगावणं, गोष्ट वाचून दाखवणारी आई. अल्बमचं नाव केनेथ ग्रॅहम यांच्या १९०८ च्या बालपुस्तकातल्या एका प्रकरणाचं आहे. त्यात हरवलेलं पिल्लू शोधायला रात्री नदीवर निघालेल्या दोन प्राण्यांना पहाटे देवाची बासरी ऐकू येते. हे लहानपणी ऐकलेल्या गोष्टींतून आलंय, गोळीतून आलेलं नाही. गोळीनं काय केलं तेही सांगतो. वर्ष संपेपर्यंत बॅरेट मंचावर उभा राहून वाजवेनासा झाला. त्याच्या जागी गिटारला डेव्हिड गिलमोरला आणावं लागलं, आणि एप्रिल १९६८ मध्ये बॅरेट बँडबाहेर पडल्याचं जाहीर झालं. त्यानं १९७० मध्ये स्वतःचे दोन अल्बम काढले, मग संगीत सोडलं, आणि केंब्रिजमध्ये चित्रं काढत, बाग करत एकांतात राहिला. ७ जुलै २००६ ला साठाव्या वर्षी गेला. असा अल्बम त्याच्या नेतृत्वाखाली एकच होऊ शकला. हे मी पोरांना सांगतो, अल्बम ऐकवूनच सांगतो, कारण काय गमावलं ते ऐकल्याशिवाय कळत नाही.

राहिला प्रश्न इथून का लिहायचं. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या या धानाच्या मुलखातल्या, नाटकात मंचापुढे बसलेल्या ऑर्गनवाल्याला रात्रभर ऐकत मोठा झालेला माणूस मी. या बँडमधल्या रिक राइटचा फार्फिसा ऑर्गन कधी गाण्याला उचलतो आणि कधी नुसता धुक्यासारखा मागे थांबतो, ते मला त्या सवयीमुळेच ऐकू येतं. आपल्या भजनाच्या माइकला इको लावतात, तसा बॅरेटनं गिटारला बिनसन कंपनीचं इकोचं यंत्र लावलं होतं. तो आवाज आपल्या कानाला परका नाही. आणि परकेपणाचंच बोलायचं तर या बँडचं नावसुद्धा पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या अमेरिकेतल्या कॅरोलिनाकडच्या दोन ब्लूज गायकांवरून घेतलेलं आहे. झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांनी आपल्या रंगभूमीकडे पाहिलं म्हणून आपण हरखलो. तीच आस्था आपण दुसऱ्यांच्या कामाला द्यायला नको का?

२००७ मध्ये चाळिशीनिमित्त निघालेल्या आवृत्तीत मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) आणि स्टीरिओ (दोन कानांत वेगवेगळा) दोन्ही आहेत. बँडनं जास्त लक्ष मोनोवर दिलं होतं, म्हणून गाणी मोनोत ऐका, फक्त ‘इंटरस्टेलर’चा शेवट स्टीरिओत. मग पुन्हा लिहा, राग कायम असला तरी लिहा. आणि दंडारीबद्दल तुम्ही जे म्हणालात ते मी मनावर घेतलंय. तुमच्या गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, दंडार होत असेल आणि कुणाकडे जुन्या कॅसेट उरल्या असतील, तर मला कळवा. मी येऊन ऐकतो, आणि याच तपशिलानं त्यावर लिहितो.