खाणीच्या उद्यानाची शासनमान्य कृती

तुमच्या वॉर्डात बंद पडलेली दगडखाण असेल तर आधी अभिनंदन. पंचवीस-तीस वर्षं तिथला काळा पाषाण फोडून खडी झाली, खडीचे तुमच्या-आमच्या सोसायट्यांचे स्लॅब झाले, आणि एक दिवस क्रशर थांबला. आता उरलाय नुसता खड्डा. घाबरू नका. रस्त्यातला खड्डा मतं घालवतो. टेकडीतला खड्डा, नीट हाताळला तर, मतं आणतो.

पहिली काळजी ही घ्यायची, की खाण आहे तशी कुणाला बघू द्यायची नाही. दहा-बारा पावसाळे तिच्याकडे कुणी फिरकलं नाही की ती बेशिस्त वागायला लागते. तळाशी पाणी साठतं. काठानं पाणकणीस माजतं, तारेवर खंड्या येऊन बसतो, कड्याच्या फटीत पिंपळ रुजतो आणि वरच्या कपारीत शृंगी घुबड अंडी घालतं. हे सगळं एकही निविदा न काढता! पहाटे दुर्बिणी गळ्यात अडकवलेली माणसं दिसू लागली की समजा, आपल्याला उशीर होतोय. घुबडाची चिंता नको. ‘भूमिपूजनाच्या जागी घुबड?’ एवढा एक प्रश्न बैठकीत विचारला की पुरे.

मग पंप लावून पाणी उपसा. तळ सपाट करायला भराव लागेल, त्यासाठी राडारोडा शहरात मुबलक आहे. तो टाकायला जागा मिळतेय म्हटल्यावर रात्रीत डंपरच्या रांगा लागतील. त्यावर पेव्हर ब्लॉक. ब्लॉकमध्ये खडीच असते, तेव्हा याच खाणीची लेक सिमेंट माखून, लाल-पिवळी होऊन माहेरपणाला आली असं समजायला हरकत नाही. आता पाण्याविना उद्यान भकास दिसेल. म्हणून संगीतावर नाचणारं कारंजं बसवा, आणि त्याला टँकर लावा.

दगडाच्या खाणीत दगड हवेतच. पण जे आहेत ते चालत नाहीत. उघडा कडा ओबडधोबड दिसतो, त्यावर सुरुंगाच्या भोकांच्या उभ्या रेघा असतात. सिमेंटचे, तपकिरी रंगाचे, पोटातून एलईडी लागणारे खडक आणा. या कामाला परंपरा नाही असं कुणी म्हणालं तर पॅरिस सांगा. तिथं जिप्समच्या जुन्या खाणींवर ब्यूत-शोमों नावाची बाग केली. एकेकाळी तिथं शहराचा कचरा आणि मेलेली घोडी टाकत. १ एप्रिल १८६७ ला बाग खुली झाली (तारखेवर जाऊ नका), आणि तिच्या गुहेतले लोंबते चुनखडी सुळकेसुद्धा कृत्रिम आहेत. फक्त हे सांगू नका, की खाणीचा उंच कडा त्यांनी झाकला नाही, तळ्याच्या मधोमध दिमाखात उभा ठेवला.

मी असा एक खडक हातानं वाजवून पाहिला होता. पत्र्याच्या डब्यासारखा आवाज आला. कोपऱ्यात पोपडा निघाला होता, आतली कोंबडीजाळी दिसत होती. बाकावरचे म्हातारे वॉचमन उठून आले.

“वाजवू नका दादा, फुटंल.”

“खडक फुटेल?”

“ह्यो फुटंल. त्यो बघा,” त्यांनी मागच्या कड्याकडं हात केला, “माझ्या बापानं नि मी फोडलाय. जल्म गेला.”

अशा माणसांचं काय करायचं, हा प्रश्न तुम्हालाही पडेल. खाण म्हटलं की आसपास वडारवस्ती असते, आणि पार्किंगची जागा नेमकी तिथंच निघते. वस्ती हलवा आणि प्रवेशद्वाराशी घण उचललेल्या वडाराचा फायबरचा पुतळा बसवा, खाली ‘श्रमाला सलाम’. जोधपूरवाल्यांसारखा वेडेपणा करू नका. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी २००६ पासून त्यांनी खडकाळ रान पुन्हा उभं केलं. वेडी बाभूळ मुळासकट काढायची होती, तर पिढीजात खाणकाम करणारे खांडवालिया बोलावले. ती माणसं हातोडीनं खडक वाजवून आवाजावरून ओळखायची, कुठं फोडायचा. खाणमजूर जर बागेचे जाणकार ठरायला लागले तर सल्लागाराला फी कशाची द्यायची?

झाडांच्या बाबतीतही असंच. गुरुग्रामला अरवलीतल्या जुन्या खाणींच्या जागेवर देशी बिया गोळा करून, रोपं वाढवून जंगल केलं. २०१० पासून चाललंय ते. एवढ्या काळात आपल्याकडं तीन आयुक्त बदलतात. शिवाय पळस, सालई, पांढरी सावर ऐन मार्चमध्ये पानं झाडून उभी. लोकार्पणाला आलेल्या मंत्रिमहोदयांना काड्या दाखवणार? आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांतून ट्रकनं फॉक्सटेल पाम मागवा. सकाळी क्रेननं उतरतात, संध्याकाळी सेल्फीत हिरवे दिसतात. पुढच्या मे महिन्यात त्यांचं काय होतं हे बघायला मंत्री परत येत नाहीत.

कोनशिला मात्र ग्रॅनाइटची, बाहेरून आणलेली. खाणीतल्या काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं उठून दिसत नाहीत, म्हणतात.

एक तांत्रिक बाब राहिली. जुलैत पाऊस लागला की चारी बाजूंचं पाणी खड्ड्यात उतरतं, कारण तो खड्डा आहे. कारंजं, एलईडी, ओपन जिम बुडेल. पेव्हर ब्लॉकवर बेडूक येतील, आणि खंड्या बुडालेल्या हायमास्टच्या बॉक्सवर बसेल. गडबडून जाऊ नका. फाटकाला कुलूप घाला, ‘देखभालीसाठी बंद’ अशी पाटी लावा आणि पंप मागवा. पंपाची निविदा तेवढी वेगळी काढा, मूळ कामात धरू नका. तो खर्च दरवर्षीचा आहे.